अंकांतून स्वराकडे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना आपणांपुढे दोन शब्द बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल आम्ही प्रथम कार्यकारिणीचे आभार मानतो. व्यासपीठावर एकच जण उभा असला तरी हे बोलणे सहा जणांचे आहे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या वाचनालयाशेजारच्या खोलीत संगीतश्रवणाची उत्तम व्यवस्था करावी, अशी एका उदार सभासदांची इच्छा आहे. त्यासाठी आलेल्या अंदाजपत्रकात ध्वनिवर्धक होता, स्पीकर होते. परंतु सर्वांत मोठा, दोन लाखांच्या वरचा आकडा एका लहानशा पेटीपुढे लिहिलेला होता. या पेटीला 'डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर' म्हणतात. बाजारात तिचे नाव 'डॅक'. ही पेटी नेमके काय करते, तिच्या किमती हजारांपासून लाखांपर्यंत का पसरलेल्या आहेत आणि मंडळाने कोणती घ्यावी, याचा विचार करून मत द्यावे, असे संगीताची आवड असलेल्या आम्हां सहा सभासदांस सांगण्यात आले. ते मत आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

विषय यंत्राचा आहे. परंतु यंत्राच्या आधी या शहराचे ऋण मानणे उचित होईल. लखनौत राहणाऱ्या मराठी माणसाने संगीताचा विचार कैसरबागेकडे पाठ फिरवून करू नये. मुंबईच्या वाळकेश्वरी १८६० साली जन्मलेले, व्यवसायाने वकील असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे हे गावोगावच्या गुणीजनांकडे हिंडले, चिजा मिळविल्या, त्या लिहून काढल्या आणि मराठीत 'हिंदुस्तानी संगीत पद्धति' व 'क्रमिक पुस्तक मालिका' यांचे भाग सिद्ध केले. १९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. चौथी व पाचवी लखनौस भरली आणि त्यांतूनच १९२६ साली येथे संगीत महाविद्यालय उभे राहिले. राय राजेश्वर बली व राय उमानाथ बली यांचे साह्य त्यास लाभले आणि तत्कालीन गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले, के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी यांच्यासारखे शिष्य त्यांच्या छायेत तयार झाले. १९६६ मध्ये ही संस्था राज्य शासनाने आपल्याकडे घेतली व तिला भातखंडे यांचे नाव दिले. आज ती विद्यापीठ आहे.

हे स्मरण केवळ अभिमानापोटी करीत नाही. आमच्या विषयाची गुरुकिल्लीच त्यात आहे. भातखंडे यांनी जे केले ते, एका अर्थी, स्वराला चिन्हांत उतरविण्याचे काम होते. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तारसप्तकाला वर बिंदू, समेला गुणिलेची खूण, खालीला शून्य आणि मींडेसाठी दोन स्वरांवर कमान. नादाचे चिन्ह झाले. ते कागदावर राहिले. पुढे कोणी गुरूने किंवा गायकाने ते वाचले की चिन्हाचा पुन्हा नाद झाला. आजचे यंत्र हेच करते. ध्वनीचे अंक होतात, अंक साठविले जातात आणि ऐकण्याच्या वेळी अंकांचा पुन्हा ध्वनी होतो. हे शेवटचे काम जी पेटी करते, ती डॅक. तुमच्या मोबाइलमध्ये, दूरदर्शन संचात आणि संगणकातही ती असतेच; फरक एवढाच की तेथे ती नखाएवढी असते, आणि शौकिनाच्या घरी तिला स्वतंत्र आसन मिळते.

दोन्हींत एक भेद मात्र आहे, आणि तो समजून घेतला म्हणजे पुष्कळ गैरसमज आपोआप दूर होतात. स्वरलिपीतील मींडेची कमान ही केवळ सूचना असते. षड्जावरून पंचमावर कसे जावे, वाटेत कोठे रेंगाळावे, हे कागद सांगत नाही. ते गुरुमुखातूनच यावे लागते. अंकांचे तसे नाही. कॉम्पॅक्ट डिस्कवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीची ४४,१०० मापे घेतलेली असतात, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर लिहिलेले असते. पुष्कळांस वाटते की दोन मापांच्या मधला ध्वनी हरवला आणि आपण जे ऐकतो ती पायऱ्यापायऱ्यांची ओबडधोबड रेघ आहे. तसे घडत नाही. मापे ज्या वेगाने घेतली त्याच्या निम्म्याहून कमी वारंवारतेचीच कंपने ध्वनीत असतील, तर त्या सर्व बिंदूंतून जाणारी वक्ररेषा एकच असू शकते, दुसरी नाही. नायक्विस्ट यांच्या १९२८ सालच्या विचारातून आणि शॅनन यांच्या १९४९ सालच्या निबंधातून हे तत्त्व स्थिर झाले आहे. माणसाचा तरुण कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. ४४,१०० च्या निम्मे त्याहून अधिकच भरतात. म्हणून ती मींड, ती आस, तो गमक मधल्या जागेसह परत मिळतो.

४४,१०० हा आकडाही आकाशातून पडलेला नाही. आरंभी अंकरूप ध्वनी साठविण्यास व्हिडिओच्या फिती वापरीत. अमेरिकी व जपानी पद्धतीत सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात उपयोगी रेषा २४५, आणि प्रत्येक रेषेवर तीन मापे. गुणाकार करून पाहावा. युरोपीय पद्धतीत ५० क्षेत्रे व २९४ रेषा धरल्या तरी उत्तर तेच येते. पुढे फिलिप्स व सोनी या दोन कंपन्यांनी मिळून कॉम्पॅक्ट डिस्क सिद्ध केली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात तिचे पहिले यंत्र विक्रीस आले.

अंकांचा ध्वनी करण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली आपल्या जुन्या तराजूसारखी. छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर ही वजने प्रत्येकी मागच्याच्या दुप्पट. त्यांतील निवडक वजने पारड्यात टाकून हवे ते माप तोलता येते. सोळा वजने दुपटीने वाढत गेली की ६५,५३६ मापे तोलता येतात. हे 'शिडी' पद्धतीचे रूपांतरक होत. त्यांत अडचण अशी की सर्वांत मोठे वजन किंचितही खोटे असले, तर त्याची चूक लहान वजनांना गिळून टाकते. म्हणून असे रूपांतरक अचूक घडविणे कष्टाचे व खर्चाचे पडते. दुसरी रीत लोट्याने हौद भरण्यासारखी. एकच लहान माप घ्यावे, सेकंदाला लाखो वेळा ओतावे किंवा ओतू नये, आणि होणाऱ्या सरासरीतून हवी ती पातळी साधावी. आज बहुतेक डॅक या दुसऱ्या वंशातील आहेत. एक लोटा अचूक घडविणे हे सोळा वजने अचूक घडविण्यापेक्षा सोपे असते. म्हणूनच चांगल्या प्रतीची चकती आता स्वस्त झाली आहे. या चकतीनंतर नको त्या अतिउच्च कंपनांना अडविणारी गाळणी येते, मग मापे वेळच्या वेळी सोडणारे घड्याळ, वीजपुरवठा आणि बाहेर जाणारा ध्वनिप्रवाह सांभाळणारे मंडल. महागड्या पेटीत हे सारे भाग अधिक निगुतीने केलेले असतात, यात शंका नाही. ती निगुती आपल्या कानापर्यंत पोहोचते का, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर मिळविण्यासाठी आम्ही तीन डॅक जमविले. एक मोबाइलला लावावयाची बोटभर पट्टी, किंमत दीड हजाराच्या आत. दुसरा पंधरा हजारांच्या आसपासचा. तिसरा अंदाजपत्रकातील, एका शौकीन स्नेह्यांनी विश्वासाने उसना दिलेला. एका सभासदांच्या दिवाणखान्यात, त्यांच्याच ध्वनिवर्धकावर व स्पीकरवर आम्ही ते ऐकले. ऐकण्यास निवडलेले ध्वनिमुद्रण मुद्दाम निरनिराळ्या जातीचे होते: नुसता तंबोरा, कारण जवारीत वरचे स्वरांश इतके असतात की यंत्राची लबाडी तेथे लपत नाही, बेगम अख्तर यांची गझल, किशोरीताईंचा ख्याल, पखवाजाची एक परन, आणि जुन्या लाखेच्या तबकडीवरून घेतलेले एक नाट्यपद.

पहिल्या दिवशी सर्व काही उघड्या डोळ्यांनी ऐकले. त्या दिवशी मतांना तोटा नव्हता. महागड्या पेटीचा खर्ज भरदार, तिचा तंबोरा 'मोकळा', पट्टीचा आवाज 'कोता'. आपल्याकडे विशेषणांची समृद्धी आहेच. परंतु व्होल्टमीटर लावून पाहता असे दिसले की पट्टीतून निघणारा प्रवाह साधारण एक व्होल्टाचा आणि मोठ्या पेटीतून निघणारा दोन व्होल्टांचा होता. हा फरक सहा डेसिबलांचा. आवाज किंचित मोठा असला की माणसाच्या कानाला तो मोठा न वाटता चांगला वाटतो, ही श्रवणशास्त्रातील जुनी गोष्ट आहे. म्हणजे त्या दिवशी स्पर्धा पेट्यांची नव्हती, केवळ पातळीची होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी रीत बदलली. ४०० हर्ट्झचा एक अखंड सूर वाजवून, स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून, तिन्ही पेट्यांची पातळी शेकडा एकाच्या फरकात आणली. पेट्या पडद्याआड ठेवल्या. यजमानांची महाविद्यालयात शिकणारी कन्या पडद्यामागे बसली. ती दर खेपेस नाणे उडवून ठरवी की आता स्वस्त पट्टी लावावयाची की महाग पेटी, आणि वहीत टिपून ठेवी. ऐकणाऱ्याने फक्त कागदावर लिहावयाचे. प्रत्येकी दहा खेपा झाल्या. दहापैकी दहा बरोबर केवळ नशिबाने येण्याची शक्यता हजारांत एकाहूनही कमी, आणि नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शेकडा एकाच्या आसपास. तेव्हा निदान नऊ बरोबर आले तरच फरक ओळखला असे मानावयाचे, हे आधीच ठरले होते. सहा जणांत एकासही नऊ गाठता आले नाहीत. बहुतेकांची उत्तरे निम्म्याच्या अलीकडे-पलीकडे राहिली. पहिल्या दिवशी ज्या खर्जाचे कौतुक झाले होते, तो पडद्याआड गेल्यावर सर्वांच्याच घरी सारखा वाजला.

याला एक अपवाद घडला, तो सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. स्नेह्यांनी चौथी एक पेटी आणली होती. तीत गाळणी मुद्दामच ठेवलेली नव्हती. अशी रचना काही शौकिनांस प्रिय असते. गणिताप्रमाणे अशा पेटीत १०,००० हर्ट्झला पाऊण डेसिबल, तर २०,००० हर्ट्झला तीन डेसिबलांहून अधिक घट येते. घरातील दोघा तरुणांनी ती तंबोऱ्यावर बरोबर ओळखली; आम्हां ज्येष्ठांस ती ओळखता आली नाही. तेव्हा डॅकांत फरक नसतोच असे आमचे म्हणणे नाही. रचनेतच फरक केला तर तो असतो, तरुण कानास अधिक असतो, आणि त्याचा किमतीशी संबंध असेलच असे नाही.

सहा माणसांनी एका दिवाणखान्यात केलेल्या परीक्षेला आम्ही शास्त्रीय प्रयोग म्हणणार नाही. परंतु मोठ्या प्रमाणावर झालेल्या परीक्षा याच दिशेने बोट दाखवितात. अमेरिकेत मेयर व मोरान या दोघांनी २००७ मध्ये एक परीक्षा प्रसिद्ध केली. उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण एकदा थेट ऐकविले, आणि एकदा ते वाटेत कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापात उतरवून पुन्हा ध्वनीत आणून ऐकविले. ५५४ खेपांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ नेमकी निम्मी. उलट बाजूही सांगितली पाहिजे: लंडनचे प्राध्यापक जोशुआ राइस यांनी २०१६ मध्ये अनेक परीक्षांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा उच्च प्रतीचे मुद्रण ओळखण्याचे प्रमाण निम्म्याहून थोडे वर भरले, आणि शिकवून तयार केलेल्या कानांत ते आणखी वर गेले. म्हणजे सूक्ष्म भेद असू शकतो. परंतु तो शोधण्यास शिक्षण, शांतता व एकाग्रता लागते. चहाचे पेले खणखणत असताना आणि मंडळातील गप्पा रंगल्या असताना तो सापडणार नाही.

आमच्या शहरातील उन्हाळा घ्या. मे-जूनमध्ये पंखा लावल्यावाचून बसवत नाही, आणि खिडकीतील कूलर सुरू झाला की समोरच्याचे बोलणे दुसऱ्यांदा विचारावे लागते. पंख्याखालच्या खोलीची स्वतःचीच गलबल चाळीस डेसिबलांच्या आसपास असते. घरात फार मोठ्याने वाजविले तरी पंचाण्णवच्या पलीकडे कोणी जात नाही. म्हणजे ऐकण्यास उरलेला पल्ला पंचावन्न डेसिबलांचा. साधी कॉम्पॅक्ट डिस्क मात्र शहाण्णव डेसिबलांचा पल्ला देते. घागर विहिरीपेक्षा मोठी घेऊन पाणी अधिक येत नाही. उलट, खोलीत फरशी उघडी असेल, भिंती बोडक्या असतील, तर टाळीचा आवाज घुमतो आणि तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. तेथे जाड जाजम, पडदे आणि पुस्तकांनी भरलेली दोन कपाटे यांनी जो फरक पडला तो ओळखण्यास नाणेही उडवावे लागले नाही. स्पीकर भिंतीपासून दोन हात पुढे ओढले, तर खर्जाची बोंब कमी झाली. या सुधारणेस हमालीशिवाय खर्च नाही.

तेव्हा डॅक घेताना काय पाहावे? गाणे न लावता आवाज पुरता वाढवावा. घरघर किंवा संगणकाची किरकिर ऐकू येता कामा नये. ध्वनिवर्धकाला पुरेल एवढा प्रवाह, म्हणजे दोन व्होल्टांच्या आसपास, तीतून मिळावा. वीज कमीजास्त झाली तरी ती बिघडू नये, आणि बिघडलीच तर दुरुस्ती याच शहरात व्हावी. एवढे ज्या पेटीत आहे ती घ्यावी आणि निर्धास्त मनाने गाणे ऐकावे. या कसोटीला पंधरा हजारांची पेटी पुरेपूर उतरली, आणि मंडळासाठी तीच घ्यावी असे आमचे एकमताचे मत आहे. ज्यांना आपल्या घरी महाग पेटी ठेवण्याची हौस व ऐपत आहे त्यांचा आम्ही उपहास करीत नाही. सुबक वस्तू बाळगण्यातही आनंद असतो. पैठणी काही थंडी निवारण्यासाठी नेसत नाहीत.

अंदाजपत्रकातील उरलेल्या रकमेचे काय करावे, हे मात्र आमच्या कामात नसताना आम्ही सुचविणार आहोत.

त्याचे कारण पाचव्या ध्वनिमुद्रणात आहे. लाखेच्या तबकडीवरचे ते नाट्यपद आम्हांस दोन निरनिराळ्या संग्रहांतून मिळाले. तिन्ही डॅकांत जो भेद सापडला नाही, तो या दोन प्रतींत पहिल्या आलापातच सापडला. एका प्रतीत गायक काळी एकमध्ये गात होता, दुसरीत पांढरी एकमध्ये. जुन्या तबकड्या सर्वच नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नसत. आणि ७८ ऐवजी साधारण ७३.६ फेऱ्यांनी वाजविली की सबंध अर्धा स्वर खाली येतो, लय सुस्त होते, आवाज वयस्क वाटतो. एका प्रतीत खरखर काढण्याच्या नादात तंबोराही पुसून गेला होता. दुसरीत खरखर होती, पण तंबोरा जिवंत होता. ध्वनी अंकांत उतरविताना जे हरवले, ते अंकांचा ध्वनी करताना कोणतीही पेटी परत देऊ शकत नाही. मग ती दोन लाखांची असो वा वीस लाखांची. भातखंडे यांच्या पद्धतीतही हेच आहे: जी चीज लिहून घेतली नाही, ती पुढचा कितीही मोठा गवई पुस्तकातून गाणार नाही.

आता आपल्या मंडळाच्या कपाटाकडे पाहू. खालच्या कप्प्यात मोठ्या फितींची काही वेटोळी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत कॅसेटी आहेत. गणेशोत्सवातील गाणी, कोजागिरीची मैफल, मुलांची नाटके, कीर्तने, हळदीकुंकवाच्या दिवशी ज्येष्ठ भगिनींनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. अशा कॅसेटी आपल्यापैकी अनेकांच्या घरीही ट्रंकेत आहेत. बाजारात दुसरीकडे कोठे त्यांची प्रत मिळणार नाही. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट काढली तेव्हा ती श्रुतलेखनासाठी होती, पिढ्यान्पिढ्या टिकविण्यासाठी नव्हे. आपल्याकडे चार महिने दमट हवा असते. फितीवर पांढरी बुरशी धरते, आतील गादी गळून पडते, १२० मिनिटांच्या पातळ फिती यंत्रात गुंतून तुटतात. १९७०-८० च्या दशकांतील काही मोठ्या फितींचा लेप ओल शोषून चिकट होतो आणि वाजविताना खरवडून निघतो. शिवाय त्या वाजविणारी चांगली यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर दरवर्षी कमी होत आहेत.

म्हणून आमची सूचना अशी: डॅकवर वाचलेल्या पैशातून एक उत्तम, तपासलेला कॅसेट डेक, मोठ्या फितींसाठी एक यंत्र आणि उलट दिशेचे काम करणारी, म्हणजे ध्वनीचे अंक करणारी, एक चांगली पेटी घ्यावी. उच्च प्रत म्हणून जी हवी ती येथे हवी, कारण येथे संधी एकदाच मिळते. ९६,००० मापे आणि २४ अंकस्थाने या प्रतीने उतरविले तर एका तासाच्या दुहेरी ध्वनीला सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते. आजच्या काळी ती शेंगदाण्याच्या भावाने मिळते. प्रत्येक ठेव्याच्या तीन प्रती असाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक लखनौबाहेर, पुण्यास किंवा नागपुरास कोणा आप्तांकडे. मूळ उतारा जसाच्या तसा ठेवावा. खरखर काढावयाची ती दुसऱ्या प्रतीतून.

घरी कॅसेटी असलेल्यांस तीन विनंत्या आहेत. एक, कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे कान आजच मोडून टाकावेत, म्हणजे चुकून तीवर दुसरे काही मुद्रित होणार नाही. दोन, बुरशी दिसली तर ती वाजवून पाहू नये. बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटीस लागते. तीन, आवाज दबका आला म्हणून फीत वाया गेली असे समजू नये. पुष्कळदा यंत्राचे हेड फितीशी किंचित तिरपे असते. बाजूचा लहान स्क्रू पाव फेरा फिरविला की जणू पदर दूर व्हावा तसा आवाज उजळतो. ज्या कॅसेटीवर आम्ही हे करून पाहिले तीतील फरक पडद्यामागच्या मुलीलाही खोलीबाहेरून ऐकू आला.

परंतु यंत्र, फीत आणि पैसा यांहूनही दुर्मीळ अशी एक गोष्ट या कामाला लागते. एका कॅसेटीत एक बाई भूपाळी म्हणतात. गळा गोड आहे, मागे लहान मूल रडते आहे, कोणीतरी हिंदीत 'ज़रा धीरे' म्हणते आहे. त्या बाई कोण, हे आम्हां सहा जणांत कोणी सांगू शकले नाही. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या एका नव्वदीला टेकलेल्या आजींना ती ऐकविली. पहिली ओळ संपण्याच्या आत त्यांनी नाव सांगितले, घर सांगितले, साल सांगितले आणि रडणारे मूल कोणाचे तेही सांगितले. ते मूल आता स्वतः आजोबा आहे. ज्या आवाजाला नाव नाही तो कितीही स्वच्छ उतरविला तरी परक्याचाच राहतो. 

डॅक पुढच्या वर्षी घेता येईल, दहा वर्षांनी घेता येईल. तेव्हा तो अधिक स्वस्त व अधिक चांगला असेल. आवाज ओळखणारे कान मात्र तेवढे थांबणार नाहीत. तेव्हा दर रविवारी सकाळी वाचनालयात एक कॅसेट लावावी, ज्येष्ठ मंडळींनी ऐकावी, आणि मराठी लिहिता येणाऱ्या मुलांनी शेजारी बसून वहीत लिहून घ्यावे: कोण गाते, केव्हा, कोठे, साथीला कोण. ज्या मुलांचे मराठी घराबाहेर पडताच हिंदीच्या आधाराने चालते, त्यांना आजी-आजोबांचे तरुण आवाज ऐकावयास मिळतील. लिहिता लिहिता त्यांचे मराठीही सुधारेल. या लाभाचा आकडा कोणत्याही अंदाजपत्रकात मांडलेला नाही.

उदार सभासदांनी ही सूचना आधीच ऐकली आहे आणि त्यांची संमती मिळाली आहे, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. त्यांच्या ट्रंकेतून निघालेल्या अकरा कॅसेटी त्यांनी सर्वांत आधी मंडळाच्या स्वाधीन केल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता पहिली कॅसेट लागेल. येताना आपल्या घरच्या घेऊन याव्यात, आणि ज्यांना जिना चढणे अवघड जाते अशा ज्येष्ठांना घरून घेऊन येण्याची जबाबदारी तरुणांनी स्वीकारावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.